संगणकाची खरेदी आणि त्यावरील आपली वहिवाट
(ज्ञातिसंस्थेच्या रत्नागिरी येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर विद्वान वक्त्यांनी आपल्याला पुष्कळ मौलिक विचार ऐकविले आहेत. मी जुन्या अकरावीच्या शेवटच्या तुकडीतला, म्हणजे १९७५ सालचा मॅट्रिक. पुढे अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यात आयुष्य गेले. तेव्हा संगणकासारख्या विषयावर मी बोलावे हे कित्येकांना विपरीत वाटेल. परंतु कार्यकारी मंडळापुढे आलेल्या एका ठरावाला मी एकट्याने विरोध केला, आणि तेव्हा अध्यक्षांनी मला सांगितले, “गुरुजी, विरोध केलात तो केलात, आता त्याची कारणे सर्व ज्ञातीपुढे मांडा.” त्या आज्ञेनुसार मी येथे उभा आहे.

ठराव असा होता. आपल्या विद्यार्थी वसतिगृहातील सहा संगणक, जे मुंबई शाखेने २०१६ साली देणगीदाखल दिले, ते आता कालबाह्य झाले असल्याने मोडीत काढावेत आणि त्यांच्या जागी सहा नवे घ्यावेत. दुकानदाराच्या दरपत्रकाप्रमाणे खर्च दोन लाख चाळीस हजारांच्या घरात जात होता. हा पैसा शिष्यवृत्ती निधीतून तात्पुरता उचलावा, असेही त्यात सुचविले होते. शिष्यवृत्ती निधी हे शब्द कानी पडताच मी उठलो, हे प्रांजळपणे सांगतो.

पण माझ्या विरोधाचे मूळ त्याहून जुने आहे, आणि त्यात माझा स्वतःचा अपराध आहे. तो आधी सांगितल्यावाचून पुढे बोलण्याचा मला अधिकार पोहोचत नाही.

१९९९ साली आपल्या संस्थेने कुलवृत्तांताचा पहिला भाग प्रसिद्ध केला, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्याच्या संपादनाचे काम माझ्याकडे होते. सलग तीन वर्षे मे महिन्याच्या सुटीत मी राजापूर, लांजा, संगमेश्वर, गुहागर या तालुक्यांतील वाड्यावाड्यांतून हिंडलो. ओटीवर बसून म्हाताऱ्या आजीबाईंकडून सासरमाहेरच्या पिढ्या विचारून घेतल्या आणि वंशावळी वहीत उतरविल्या. पृष्ठसंख्या वाढल्यामुळे अकरा गावांच्या वंशावळी दुसऱ्या भागासाठी राखून ठेवाव्या लागल्या. मात्र त्यांची जुळणी संगणकावर होऊन गेली होती. मुद्रणालयाच्या चालकांनी मला दोन चकत्या दिल्या आणि म्हणाले, “सर्व यात आहे.” मीही निश्चिंत झालो. घर शाकारताना त्या वह्या पावसात भिजल्या, बुरशी धरली, तेव्हा “सगळे संगणकात आहेच” असे म्हणून मी त्या स्वहस्ते बंबात घातल्या.

बारा वर्षांनी दुसऱ्या भागाची वेळ आली. ते मुद्रणालय बंद झाले होते. चकती नव्या संगणकात घातली, तो पडद्यावर मराठी अक्षर एक नाही. इंग्रजी अक्षरे, उद्गारचिन्हे आणि कंस यांची नुसती खिचडी. मजकूर ज्या कार्यक्रमात जुळविला होता तो कार्यक्रम उघडण्यास एक कुलूप लागे. संगणकाच्या पाठीशी लावावयाचा तो एक लहानसा खटका असे आणि तो मुद्रणालयासोबतच नाहीसा झाला होता. कार्यक्रमाची ती आवृत्तीही विक्रीतून गेलेली. पुण्यातील आपल्या एका हुशार मुलाने महिनाभर खपून तीन गावांच्या वंशावळी सोडविल्या. उरलेल्या आठ गावांच्या गेल्या. ज्यांनी त्या सांगितल्या होत्या त्या आजीबाईही तोवर गेल्या होत्या.

हे असे का झाले, याचा मी पुढे शोध घेतला, आणि तोच आजचा विषय होय. मजकूर आमचा, कष्ट आमचे, कागद आमचा. परंतु तो वाचण्याची किल्ली आमची नव्हती.

आपण रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे. जमीन कसणारा एक आणि तिच्यावर हुकमत दुसऱ्याची, ही गोष्ट आपल्याला पुस्तकातून शिकावी लागत नाही. कुळाने भात पिकवावे, बांध घालावा, माड लावावा. आणि खोताने मनात आणले तर पुढल्या वर्षी ते शेत दुसऱ्याला द्यावे. ही खोती मोडावी म्हणून १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले आणि अखेर १९४९ च्या कायद्याने ती रद्द झाली. या सभेत दोन्ही बाजूंची घराणी बसलेली असतील. जुने वाद उकरण्याचा माझा हेतू नाही. सांगावयाचे इतकेच की संगणक आपण पैसे मोजून घेतो तेव्हा पेटी, पडदा आणि कळफलक आपल्या मालकीचे होतात. परंतु त्यांना चालविणारी जी कार्यप्रणाली, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती आपण विकत घेत नाही. तिच्या वापराचा परवाना घेतो. नव्या संगणकाबरोबर जी विंडोज येते तिचा परवाना बहुधा त्याच यंत्राशी जखडलेला असतो. यंत्र मोडले की परवानाही संपला. ती आतून कशी चालते हे पाहण्याची मुभा नाही, बदलण्याची नाही, शेजाऱ्याला प्रत देण्याची तर नाहीच. आपण मालक नव्हे, वहिवाटदार आहोत.

वहिवाट चांगली चालत असेल तर तक्रार कशाला, असे कोणी म्हणेल. व्यवहारात ते पुष्कळ अंशी खरेही आहे. प्रश्न उद्भवतो तो जमीनमालकाची मर्जी बदलते तेव्हा. विंडोजची दहावी आवृत्ती २०१५ साली आली. तिला सुरक्षेची डागडुजी पुरविणे कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. घरगुती वापर करणाऱ्यांना वर्षभराची वाढीव मुदत काही अटींवर देऊ केली, इतकेच. अकरावी आवृत्ती २०२१ पासून आहे, परंतु तिला सुरक्षेची एक विशिष्ट चिप आणि ठराविक पिढीनंतरचाच प्रोसेसर लागतो. इंटेल कंपनीचा असेल तर काही अपवाद सोडून आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आपल्या वसतिगृहातील यंत्रे सहाव्या पिढीची. ती बिघडली आहेत काय? मुळीच नाही. मी स्वतः जाऊन सहाही सुरू करून पाहिली. एकाचा पंखा खरखरतो आणि एका कळफलकावरचा ‘ग’ अडतो. एवढ्या दोषासाठी आपण गायसुद्धा विकत नाही. थोडक्यात, यंत्र म्हातारे झाले ते यंत्राच्या प्रकृतीने नव्हे, दूर कोठेतरी झालेल्या निर्णयाने.

ॲपलचे संगणक घ्यावेत, अशीही एक सूचना मुंबईच्या तरुण मंडळींकडून आली. यंत्र देखणे आणि टिकाऊ, यात शंका नाही. पण तेथे पेटीही त्यांचीच आणि प्रणालीही त्यांचीच. हल्लीच्या ॲपल यंत्रांत स्मृती मागाहून वाढवता येत नाही. घेताना जेवढी घ्याल तेवढी. किंमत तर आपल्या ताळेबंदात बसत नाही. सबब तो विचार मी येथेच सोडतो.

आता तिसरा मार्ग. त्याची कथा मोठी मनोरंजक आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ होते. तेथील छापयंत्रात कागद वारंवार अडके. जुन्या यंत्राच्या कार्यक्रमात त्यांनी थोडी सुधारणा करून ठेवली होती, की कागद अडकताच वापरणाऱ्यांना आपोआप संदेश जावा. पुढे नवे छापयंत्र आले. त्याचा मूळ कार्यक्रम मागावयास ते गेले, तेव्हा तो कोणाला न देण्याच्या करारावर आम्ही सही केली आहे, असे उत्तर मिळाले. क्षुल्लक गोष्ट. पण त्या गृहस्थांच्या मनाला ती लागली आणि १९८३ साली त्यांनी ग्नू नावाच्या मुक्त प्रणालीचा संकल्प सोडला. वाटेल त्या कामी वापरावी, आतून पाहावी, सुधारावी आणि दुसऱ्याला द्यावी, अशी मोकळीक सर्वांना असलेली ही प्रणाली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. तोच लिनक्स. आज उबंटू, मिंट, डेबियन अशा नावांनी जे मिळते ते याच कुळातले. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेनेही २००७ साली ‘बॉस’ नावाची अशीच एक प्रणाली काढली. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. मात्र त्यावरची हुकमत फोन करणाऱ्या कंपन्यांनी आपल्याकडेच ठेवली आहे आणि म्हणूनच चारदोन वर्षांत चांगला फोनही ‘जुना’ ठरतो.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात, त्यामुळे त्या मंडळींना आपला हेतू पुनःपुन्हा समजावून द्यावा लागला. आपल्या भाषेत ती अडचण नाही. आपल्याकडे हापूसच्या कलमाची काडी शेजाऱ्याच्या झाडावरून मागून आणतात, आपल्या रोपावर बांधतात आणि पुढे आपल्या कलमाची काडी तिसऱ्याला देतात. रोपाचे, मजुराचे, शेणखताचे पैसे पडतातच. म्हणजे कलम फुकट नव्हे. पण ते लावण्यास, वाढविण्यास आणि देण्यास आपण मुक्त आहोत. हा अर्थ.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कार्यक्रम लिहिणाऱ्याने मेहनत केली, तर त्याचा मोबदला त्याला का मिळू नये? बिल गेट्स यांनी १९७६ सालीच एका जाहीर पत्रात हौशी लोकांना हे बजावले होते, की आमचा कार्यक्रम विकत न घेता नकलून घेणे ही चोरी होय. मला त्यांचे म्हणणे न्याय्य वाटते. आणि म्हणूनच या सभेत थोडा कटू प्रश्न विचारतो. आपल्यापैकी किती घरांतून, किती दुकानांतून, विंडोजची आणि तिच्याबरोबरच्या कार्यक्रमांची चोरटी प्रत चालते? दुकानदार ‘सगळे टाकून देतो’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो. मुलाला परीक्षेत नक्कल केल्याबद्दल छडी मारणाऱ्या गुरुजींच्या घरीही अशी प्रत होती. ते गुरुजी आपल्यासमोर उभे आहेत. परवडत असेल तर पैसे देऊन घ्यावे, न परवडेल तर जे उघडपणे घेण्यास मुभा आहे ते घ्यावे. तिसरा रस्ता सभ्य माणसाचा नव्हे.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग, अक्षरांचा. माझ्या वंशावळी बुडाल्या त्या मुख्यतः लिपीच्या गोंधळामुळे. पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या टंकात देवनागरीचे तुकडे स्वतःच्या मनाप्रमाणे रोमन अक्षरांच्या खणांत भरीत असे. एकाच्या खणात ‘क’, दुसऱ्याच्या त्याच खणात काना. त्यामुळे टंक गेला की मजकूर गेला. यावर उतारा म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक. देवनागरीसाठी एकशे अठ्ठावीस जागांचा स्वतंत्र वाडा. तो क्रमांक कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. आचार्यांना दक्षिणा द्यावयाची की आचाऱ्यांना, हा भेद दाखविणाऱ्या आपल्या मराठी ‘ऱ’ लादेखील त्यात स्वतःचे घर आहे. याच रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध असताना सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालविली, ती बऱ्याच अंशी छपाईच्या आणि टंकलेखनाच्या यंत्रात देवनागरी सुलभपणे बसावी म्हणून. यंत्रासाठी अक्षराने वाकावे, असा तो काळ होता. आज यंत्र अक्षरासाठी वाकले आहे; आपण मात्र जुन्या टंकांना कवटाळून बसलो आहोत. आपल्या या वार्षिक अंकाचा मजकूरदेखील गेल्या वर्षापर्यंत जुन्याच पद्धतीच्या टंकात जुळविला जात होता, हे कळले तेव्हा मी रात्रभर झोपलो नाही.

त्याच अनुषंगाने पालकांना एक व्यवहाराची गोष्ट सुचवितो. मुलांना मराठी टंकलेखन शिकवावयाचे तर इनस्क्रिप्ट कळफलकावर शिकवा. सरकारने प्रमाण ठरविलेली ही मांडणी आहे. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. बाराखडी येणाऱ्याला दहा-पंधरा दिवसांत बसते. विंडोज असो, लिनक्स असो, ॲपल असो, ती सर्वत्र तशीच असते. बोटांची सवय हीसुद्धा एक मिळकत आहे आणि ती यंत्र बदलल्यावर वाया जाता कामा नये.

खर्चाकडे वळतो. माझा हिशेब असा. वसतिगृहातील चार यंत्रांत जुन्या फिरत्या तबकडीऐवजी नवी वेगवान तबकडी बसविणे, प्रत्येकी अडीच हजारांच्या सुमारास. त्यांवर लिनक्स घालणे, शून्य. लिहिण्याचे आणि हिशेबाचे काम लिबरऑफिस करील. त्याची सूचनापट्टीही मराठीत मिळते. तेही शून्य. शिकविण्यासाठी माणूस? आपल्याच ज्ञातीतील अभियांत्रिकीची दोन मुले मे महिन्यात यावयास तयार आहेत. त्यांचा प्रवासखर्च आणि जेवण. एकूण पंधरा हजारांच्या आत.

परंतु सर्व सहा यंत्रांवर लिनक्स घाला, असे मी म्हणत नाही. कोषाध्यक्ष माझ्याकडे रोखून पाहत आहेत, ते बरोबरच आहे. संस्थेचा हिशेब टॅलीवर आहे आणि टॅली विंडोजवर चालते. सरकारी टंकलेखन परीक्षेची तयारी मुलांना विंडोजवरच करावी लागते. नोकरी मागावयास गेलेल्या मुलाला ‘विंडोज येते का’ असेच विचारतात. शिवाय रत्नागिरीत विंडोज दुरुस्त करणारा प्रत्येक गल्लीत सापडेल. लिनक्सचा जाणकार शोधावा लागतो. जुने छापयंत्र नव्या प्रणालीशी जुळवून घेईलच याची हमी नाही. माझ्या घरचे यंत्र मी तीन वर्षांपूर्वी लिनक्सवर नेले, तेव्हा चार दिवस त्यातून आवाज निघत नव्हता, आणि सौभाग्यवतींनी मला जे ऐकविले ते मात्र स्पष्ट ऐकू आले. म्हणून दोन नवी यंत्रे विंडोजसह घ्यावीत, रीतसर परवान्याची, आणि तीही शिष्यवृत्ती निधीस हात न लावता. दोन जुनी यंत्रे सुट्या भागांसाठी ठेवावीत.

हा प्रयोग कोणी केला आहे काय, असे विचाराल. केरळ राज्याने या शतकाच्या पहिल्याच दशकात सरकारी शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर नेले आणि ते आजही चालू आहे. तेथे आधी शिक्षकांना शिकविले, मग यंत्रे वाटली. हा क्रम मला एक शिक्षक म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. उलट उदाहरणही आहे. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ साली विंडोज सोडून लिनक्सवर जाण्याचे ठरविले. हजारो यंत्रे बदलली, पुष्कळ पैसा वाचल्याचे सांगितले, आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. नोकरवर्ग कंटाळला, की राजकारण झाले, याबद्दल तेथेही एकमत नाही. माणसे तयार नसतील तर मुक्त प्रणालीही ओझे होते, एवढा बोध मी घेतला आहे. फुकट ते पौष्टिक, ही म्हण येथे लागू पडत नाही.

शेवटची गोष्ट सभासद-नोंदवहीची. एका खाजगी कंपनीने आपली सर्व सभासदयादी, वंशावळी आणि वधूवरांची माहिती फोनवरील एका ॲपमध्ये ठेवण्याचे, पहिल्या वर्षी विनामूल्य, असे निवेदन मंडळाला दिले आहे. दुसऱ्या वर्षापासून दरमाणशी वर्गणी. मी त्यांच्या प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारला: “आम्ही वर्गणी थांबविली, तर आमची यादी आम्हाला कोणत्या स्वरूपात परत मिळेल?” त्या तरुणाने नम्रपणे सांगितले की वरिष्ठांना विचारून कळवितो. त्याला आता दोन महिने झाले. उत्तर येईपर्यंत आपल्या लेकीसुनांची नावे, जन्मतारखा आणि फोन क्रमांक तेथे भरू नयेत, अशी माझी मंडळाला विनंती आहे. तोवर यादी युनिकोडमध्ये, साध्या तक्त्यात ठेवू. एक प्रत येथे, एक मुंबई शाखेत, आणि एक कागदावर छापून लोखंडी कपाटात. कागदाला मी आता पुन्हा कधीही बंब दाखविणार नाही.

मंडपाच्या डाव्या दाराशी वसतिगृहातील दोन संगणक मांडून ठेवले आहेत. दोन्ही जुनेच, एकावर विंडोज आहे, एकावर कालच लिनक्स घातले. भोजनोत्तर ज्यांना इच्छा असेल त्यांनी बसून पाहावे, मराठी लिहून पाहावे. ज्या आठ गावांच्या वंशावळी माझ्या हातून गेल्या त्या गावांची नावे तेथेच एका कागदावर लिहून लावली आहेत. आपले कूळ त्यांपैकी असेल आणि घरात कोणी सत्तरीपुढचे माणूस असेल, तर मला पत्ता द्यावा. पाऊस संपला की वही घेऊन मी येईन.